परसांतील आंवळी

चैत्राच्या अंकांत अळवाच्या वाफ्याविषयीं मीं जो मजकूर लिहिला होता, तो वाचून लातुराकडील एका भगिनीनें संपादकांच्या मार्फत मला एक पत्र पाठविलें. त्यांतील सौम्य उपहास माझ्या चांगलाच लक्षांत राहिला आहे. "मास्तर, तुमचें अळूं तुम्हांला लखलाभ होवो," असें त्या लिहितात. "आमच्या वसाहतींत नळाला चौथ्या दिवशीं पाणी येतें, तेंहि पहांटे, घरांत माणसें अकरा. तांदूळ धुतल्याचें पाणी वांचवून ज्याला जगवितां येईल आणि घरच्या मंडळींच्या तोंडांत ज्याचें कांहीं पडेल, असें एखादें झाड ठाऊक असेल तर सांगा." ज्या शहराला २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, तेथील लोकांना मीं अळवाचे वाफे सुचवावे, हें खरोखर शोभलें नाहीं. म्हणून हा महिना त्या भगिनीच्या प्रश्नाला देतों. माझें उत्तर एका शब्दाचें आहे : आंवळी. परंतु तो एक शब्द शिकण्यासाठीं मला दहा वर्षें लागलीं आणि घरांत एक तंटाहि झाला. तेव्हां थोडें सविस्तरच सांगावें लागेल.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रज लोकांनीं फळाचें बाह्य रूप पाहून आंवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हटलें. त्यांची गूजबेरी हें थंड प्रदेशांतलें कांटेरी झुडूप. तिचें कूळ निराळें, गोत्र निराळें. आपल्या आंवळीचा खरा भाऊबंद म्हणावयाचा तर तो रायआंवळा, आणि त्या दोघांच्या फळांतहि पुष्कळ अंतर आहे. आंवळी ही आपल्या देशींची, सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या रानांत आपण होऊन वाढणारी. रानांत तिला पाणी घालावयास कोणी जात नाहीं, ही साधी गोष्ट परसांत आणल्यावर आपण कशी विसरतों, याचें मला स्वतःचेंच नवल वाटतें. ती मोकळी सोडली तर पंचवीस-तीस फूट उंच जाते. पण लहानपणींच शेंडा खुडून आणि चार-सहा फांद्या चोहों बाजूंस पसरवून तिला झुडपासारखी बुटकी राखतां येते. परसांत तेंच बरें. तिचें लांकूड ठिसूळ असतें. फळांच्या भारानें उंच फांद्या काडकन् मोडतात.

आमच्या परसांतील आंवळी मातोश्रींनीं आणली. २००७ सालीं कार्तिकांत आंवळीभोजनाला त्या गांवाबाहेरच्या मळ्यांत गेल्या होत्या. तेथून परततांना एका डब्यांत वीतभर रोप घेऊन आल्या, आणि पुढच्या पावसाळ्यांत माझ्याकडून खड्डा खणवून घेऊन तें त्यांनीं स्वतःच्या हातानें लावलें. "पुढें आंवळीभोजन घरच्या घरींच करूं," असें त्या म्हणत. २०१० सालीं त्या गेल्या, तेव्हां रोप जेमतेम छातीएवढें झालें होतें. झाडाला पाणी घालीत जा, असें त्या मला सांगून गेल्या नव्हत्या. तें मींच मनाशीं ठरविलें. सकाळीं स्नान-संध्या आटोपल्यावर दोन बादल्या आणि संध्याकाळीं दोन बादल्या, हा नेम मीं वर्षानुवर्षें चुकविला नाहीं. परगांवीं जावयाचें झालें तर तो नेम घरांतल्या कोणाच्या तरी गळ्यांत घालून जात असें.

या नेमाला माझ्याजवळ शास्त्राधार होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडांना उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिंवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. तो श्लोक मीं शाळेंत मुलांना शिकविला होता, आणि घरांत कोणी माझ्या बादल्यांविषयीं कुरकुर केली कीं मी तोच म्हणून दाखवीत असें. संस्कृत वचन ऐकल्यावर आमच्या घरांतील मंडळी गप्प बसतात. हा त्यांचा सुसंस्कृतपणा कीं कंटाळा, याचा विचार मीं कधीं केला नाहीं.

झाड वाढलें खरें. हिरवेंगार, गच्च, परसाची शोभा. दरवर्षीं फाल्गुनाच्या सुमारास फांद्यांवर तांदळाच्या कणीएवढीं हिरवट पिंवळीं फुलें येत, मधमाश्या घोंघावत, आणि आठ-पंधरा दिवसांत सगळा बहर झडून खालीं सडा पडे. फळ नाहीं. बीपासून झालेल्या आंवळीला फळ धरण्यास सात-आठ वर्षें लागतात, हें मला ठाऊक होतें. म्हणून २०१५ पर्यंत मी स्वस्थ होतों. पुढें २०१६, २०१७, २०१८ गेलीं. एका वर्षीं पांच-सहा आंवळे दिसले, ते हरभऱ्याएवढे होऊन गळले. शेजारच्या एक वृद्ध बाई झाडाला 'वांझ' म्हणाल्या. तो शब्द मला माणसाच्या बाबतींत सोसत नाहीं, आणि आईच्या झाडाच्या बाबतींतहि सोसला नाहीं. मीं दोनाच्या तीन बादल्या केल्या नाहींत एवढेंच. आंवळा देऊन कोहळा काढणें ही म्हण आपण लबाडाला लावतों. मीं मात्र कोहळे देत गेलों आणि मला एक आंवळा मिळाला नाहीं.

मग २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत सरकारनें राज्यांतील १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. आमचाहि तालुका त्यांत होता. चांगल्या वर्षीं आमच्याकडे वीस-बावीस इंच पाऊस. त्या वर्षीं तोहि नाहीं. पौषांत विहीर तळाला गेली, माघांत बोअर कोरडी पडली, आणि घराची सारी भिस्त टँकरवर आली. आम्ही घरांत नऊ माणसें. टँकरपुढें घागरी घेऊन उभें राहावयाचें काम मुलगा आणि सूनबाई यांच्याकडे होतें. झाडाला पाणी घालावयाचें काम माझ्याकडे.

एके दिवशीं संध्याकाळीं मी दुसरी बादली उचलीत असतां सूनबाई मागल्या दारीं आल्या. बोलल्या कांहीं नाहींत. नातीला शिकवितांना मी वापरतों तो खडू त्यांनीं कोनाड्यांतून घेतला आणि दाराच्या फळीवर लिहिलें : पंधरा लिटरची बादली, दिवसाला चार, म्हणजे साठ लिटर, महिन्याला अठराशें. मग म्हणाल्या, "मामंजी, मला यांतलें पाणी स्वतःसाठीं नको. पण सासूबाई गुडघे धरून रांगेंत उभ्या राहतात, तें मला पाहवत नाहीं." मीं सवयीनें श्लोकाला सुरुवात केली. तो त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला; या खेपेला मात्र त्या गप्प बसल्या नाहींत. "वराहमिहिरांच्या घरीं टँकर येत होता का?" असें त्यांनीं विचारलें.

मीं बादली खालीं ठेवली. परंतु ती समजून उमजून ठेवली नाहीं, रागानें ठेवली. त्या दिवसापासून झाडाला थेंबभर पाणी घातलें नाहीं, आणि घरांत तीन दिवस कोणाशीं धड बोललों नाहीं. पंधरा दिवसांत आंवळीचीं पानें पिंवळीं पडलीं, महिन्याभरांत झाड पार बोडकें झालें. तें पाहून एका दुपारीं मीं सूनबाईंना जें बोललों तें येथें लिहितांना मला आजहि लाज वाटते. "आईचें झाड तुमच्या हिशेबानें गेलें," असें मी सर्वांसमक्ष म्हणालों. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. घरांतील इतर कोणीहि कांहीं बोललें नाहीं. एकत्र कुटुंबांत अशी शांतता किती जड असते, हें वाचकांना सांगावयास नको.

आमचा पुतण्या कृषि महाविद्यालयांत शिकलेला. चैत्राच्या अखेरीस तो घरीं आला, तेव्हां मीं त्याला तें मेलेलें झाड दाखविलें. त्यानें एक फांदी नखानें खरवडली. आंत हिरवी होती. हंसून म्हणाला, "काका, हें मेलें नाहीं, याला पहिल्यांदाच झोप मिळाली आहे." मग त्यानें मला अर्धा तास शिकविलें, आणि मीं विद्यार्थ्यासारखें ऐकलें.

आंवळीचें ज्याला आपण पान म्हणतों, ती वस्तुतः एक बारीक डहाळी असते, आणि तिच्यावर बारीक पानांच्या दोन ओळी असतात. कोरड्या दिवसांत झाड या डहाळ्याच टाकून देतें. नवी पालवी येते तिच्याबरोबर फुलें येतात. डहाळीच्या बुडाशीं असतात तीं नर फुलें, पुष्कळ. शेंड्याकडे मादी फुलें, थोडीं. फळ धरल्यावर तें लगेच वाढूं लागत नाहीं. इतर झाडांचीं कोवळीं फळें उन्हाळ्यांत पाणी मागतात. आंवळीचें फळ सारा उन्हाळा निजून काढतें. असून नसल्यासारखें असतें तें. पाऊस पडून भुई भिजली कीं मग आषाढ-श्रावणांत जागें होतें, आणि कार्तिकापासून पुढें पिकूं लागतें. म्हणजे ज्या महिन्यांत माणसाला पाण्याची खरी चणचण, त्याच महिन्यांत या झाडाला पाणी नको असतें. बहराच्या दिवसांत तर तें मुद्दाम तोडावयाचें असतें. त्या वेळीं पाणी मिळालें कीं झाड पालवीच्या मागें लागतें आणि फूल गळतें. दहा वर्षें मीं नेमका तो विश्रांतीचा काळच मोडीत आलों होतों.

दुसरी चूकहि त्यानेंच दाखविली. झाड एकटें होतें. आंवळीला स्वतःच्या परागावर फळ फारसें धरत नाहीं. जवळ निराळ्या जातीची दुसरी आंवळी लागते. सुदैवानें याच पुतण्यानें २०१४ सालीं कुंपणाच्या टोकाला चकैया जातीचें एक कलम लावून ठेवलें होतें, आणि तें नेमकें २०१९ च्या बहरांत प्रथम फुललें. मीं त्याच्याकडे कधीं लक्ष दिलें नव्हतें, पाणीहि दिलें नव्हतें.

तो गेल्यावर मीं बृहत्संहिता काढून तो श्लोक पुन्हां वाचला. सकाळ-संध्याकाळ पाणी कोणत्या झाडांना? 'रोपित' झाडांना, म्हणजे लावणी केलेल्या रोपांना. शब्द समोर होता. चाळीस वर्षें मुलांना एकेका पदाचा अर्थ विचारून त्यांच्या वह्यांवर तांबड्या रेघा ओढणाऱ्या माणसानें दहा वर्षांच्या वृक्षाला रोप मानलें होतें. वराहमिहिराचा यांत कांहीं अपराध नाहीं. त्याच अध्यायांत दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि निदान बारा तरी असावें असेंहि सांगितलें आहे. दीड फुटाचा हात धरला तर सोळा हातांचे चोवीस फूट होतात, आणि आजचे कृषिपंडितहि आंवळीला साधारण तेवढेंच अंतर सांगतात.

त्या वर्षीं मृग कोरडा गेला. पाऊस आला तो आर्द्रांत. श्रावणांतल्या दुसऱ्या सोमवारीं नात ओरडत घरांत आली. जाऊन पाहिलें तों फांद्यांना खालच्या अंगानें वाटाण्याएवढे आंवळे बिलगून बसलेले. मोजतां येईनात इतके. मी तसाच स्वयंपाकघराच्या दाराशीं गेलों आणि सर्वांसमक्ष जें बोललों होतों तें सर्वांसमक्षच मागें घेतलें. "सूनबाई, तुमचा हिशेब बरोबर होता, माझें व्याकरण चुकलें," असें मी म्हणालों. त्या उपासाचा साबुदाणा परतीत होत्या. "आधीं गरम आहे तोंवर खाऊन घ्या," एवढेंच त्या बोलल्या. कार्तिकांत आंवळीभोजन आम्हीं घरच्या झाडाखालीं केलें. झाडाची सांवली नऊ पानांना पुरली नाहीं. मुलांचीं पानें उन्हांत पडलीं.

आतां त्या लातुरकडील भगिनीसाठीं व्यवहाराच्या चार गोष्टी. रोप बीचें लावूं नका. डोळा भरलेलें कलम लावा, म्हणजे चौथ्या-पांचव्या वर्षीं फळ दिसतें. एकाच जातीचीं दोन नकोत, दोन जातींचीं हवींत. बनारसी ही फार जुनी जात. फळ मोठें पण टिकाऊ नाहीं. चकैयाचें फळ थोडें लहान आणि चोथ्याचें, पण भरपूर लागतें आणि टिकतें. जुन्या जातींतून निवड करून उत्तर प्रदेशांत फैजाबादच्या, म्हणजे हल्लींच्या अयोध्या जिल्ह्यांतील कृषि विद्यापीठानें ज्या नव्या जाती काढल्या, त्यांत कृष्णा, कांचन आणि एन. ए. ७ यांचीं नांवें रोपवाटिकांत ऐकूं येतात. परस लहान असेल तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना एक कलम भेट द्यावें आणि एक आपल्याकडे लावावें. मधमाशीला भिंतीची अडचण नसते. शेजाऱ्यांशीं बोलणें बंद असेल तर तें सुरू करण्यासहि हें निमित्त वाईट नाहीं.

खड्डा वैशाखांत खणावा, दीड-दोन हात लांब-रुंद आणि तितकाच खोल, आणि तो उन्हांत तापूं द्यावा. चांगली माती व कुजलेलें शेणखत घालून भरावा, आणि पहिले दोन मोठे पाऊस पडून गेल्यावर कलम लावावें. डोळ्याचा सांधा मातीच्या वर राहील इतकी काळजी घ्यावी. जमीन हलकी, खडकाळ, अगदीं खारवट असली तरी आंवळी ती सोसते. पाणी तुंबणारी जागा मात्र तिला चालत नाहीं. उतार असेल तर झाडाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घालावा, म्हणजे पडलेला पाऊस तेथेंच मुरतो. छपराच्या पन्हळीचें तोंडहि तिकडे वळवितां आलें तर उत्तमच.

पाणी खरें लागतें तें पहिल्या दोन उन्हाळ्यांत. त्यासाठीं बादली नको. रोपापासून हातभर अंतरावर दोन बाजूंना दोन कच्चे, न रंगविलेले मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरावे, तोंडावर झांकण ठेवावें, आणि चार-पांच दिवसांनीं ते भरावेत. माठांतून पाणी पाझरतें तें थेट मुळांकडे. वरची माती कोरडीच राहते, त्यामुळें ऊन त्यांतलें फारसें चोरीत नाहीं आणि तणहि माजत नाहीं. तांदूळ, डाळी, भाज्या धुतल्याचें पाणी गाळून यांत चालतें. गाळलें नाहीं तर माठाचीं छिद्रें बुजतात. साबणाचें पाणी कर्दळीला द्या. आळ्यावर वाळक्या पाल्याचा वा उंसाच्या पाचटाचा चार बोटें थर द्यावा, परंतु तो खोडाला टेकवूं नये, नाहींतर वाळवी लागते. सालीवर भुशासारखी जाळी दिसली तर आंत साल खाणारी अळी आहे असें समजून ती तारेनें काढावी. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्याचें पाणी कमी करीत जावें, आणि झाड फुलूं लागल्यावर माघापासून पुढें तें अजिबात तोडावें; पानें गळाल्यावर माझ्यासारखा आकांत करूं नये. पाणी राखावयाचें तें भाद्रपद-आश्विनासाठीं. फळ पोसत असतांना पावसानें ओढ दिली, तर त्या वेळीं दिलेलें एक पोटभर पाणी वैशाखांतल्या साऱ्या बादल्यांहून मोलाचें ठरतें.

फळाच्या गुणांविषयीं काय सांगावें? आयुर्वेदानें त्यांत लवण सोडून पांचहि रस मानले, त्रिफळ्यांत आणि च्यवनप्राशांत त्याला स्थान दिलें. क जीवनसत्त्वांत तें लिंबाला कितीतरी मागें टाकतें. मोरांवळा आमच्याकडे सूनबाई करतात, मला साखर वर्ज्य म्हणून नुसता मिठांत मुरवलेला आंवळा निराळ्या बरणींत ठेवतात. बृहत्संहितेंतच भूमिगत पाण्याचा शोध सांगणारा दकार्गल नांवाचा अध्याय आहे. त्यांत विहिरीचें गढूळ पाणी निवळण्यासाठीं जीं चूर्णें सांगितलीं आहेत त्यांत आंवळ्याचेंहि आहे. आमच्या विहिरींत तें टाकून पाहण्याजोगें पाणी कोणत्या वर्षीं असेल त्या वर्षीं पाहूं.

मागल्या दाराच्या फळीवरचा तो अठराशें लिटरचा हिशेब अजून आहे. दिवाळीला दारांना रंग दिला, तेव्हां रंगाऱ्याला तेवढी फळी सोडावयास मींच सांगितलें.

पुढील अंकीं शेवग्याविषयीं.